'लुच्चा' शब्दाची कुळकथा

आजीच्या फडताळातला लाडू पळवून तोंड पुसत येणारा नातू लुच्चा असतो, मापात मारणारा दुकानदार लुच्चा असतो, आणि भावाची सही घेऊन वडिलार्जित जमीन परस्पर विकणाराही लुच्चाच असतो. एकाच शब्दात लाडही मावतो आणि तळतळाटही. हिंदीत त्याला आणखी एक काळी छटा आहे. तेथे लुच्चा म्हणजे केवळ लबाड नव्हे, तर वाईट नजरेचा, चारित्र्यहीन मनुष्य. मराठीतली लुच्चेगिरी बहुधा व्यवहारातली असते, हिंदीतली बहुधा वासनेची.

या शब्दाचे कूळ शोधू लागले, की जैन वाचकाला मात्र थबकावे लागते. अनेक अभ्यासक तो 'लुञ्चित' या संस्कृत शब्दापासून आल्याचे मानतात. 'लुञ्च्' म्हणजे उपटणे, खेचून काढणे. ज्याने आपले केस हाताने उपटले आहेत, तो लुञ्चित. हिंदीतील 'नंगा-लुच्चा' या प्रसिद्ध जोडशब्दामागेही 'नग्न-लुञ्चित' हेच शब्द असल्याचे सांगितले जाते. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत अचेलकत्व आणि केशलोच या दोहोंचा समावेश आहे. ही व्युत्पत्ती खरी धरली, तर दोन मूलगुण एकत्र येऊन त्यांची शिवी झाली, असे म्हणावे लागते.

आणि ही क्रिया तरी कोणती? दोन महिन्यांनी केलेला लोच उत्तम, तीन महिन्यांनी मध्यम, चार महिन्यांनी जघन्य. त्या दिवशी उपवास. वस्तरा जवळ बाळगावा तर परिग्रह होतो; न्हाव्याकडे जावे तर पैसा तरी हवा, नाही तर याचना तरी; केस तसेच वाढू द्यावेत तर उवा होऊन जीवहिंसा घडते. म्हणून उरतात ते स्वतःचे हात. श्वेतांबर साधू-साध्वीही लोच करतात. भगवान महावीरांनी दीक्षेच्या वेळी पाच मुठींत केशलोच केल्याचे कल्पसूत्रात वर्णन आहे. चातुर्मासात एखाद्या गावी मुनिमहाराजांचा केशलोच असला, की सारा मंडप निःशब्द होतो आणि म्हाताऱ्या बायका पदराने डोळे टिपतात.

व्युत्पत्तीबाबत सावधगिरी हवीच. मराठीत प्राकृतातील जोडाक्षर सुटे होऊन मागचा स्वर दीर्घ होतो: हत्थचा हात झाला, सत्तचा सात झाला. त्या न्यायाने येथे 'लूचा' असे काहीसे रूप अपेक्षित होते. 'च्च' जसाच्या तसा राहिला, त्यावरून हा शब्द 'सच्चा'प्रमाणे उत्तरेकडून आपल्याकडे आला असावा, असे वाटते. काहींचे लक्ष वासराच्या 'लुचणे' या क्रियापदाकडेही जाईल; दुसऱ्याचे ओढून घेणारा तो लुच्चा, असा अर्थ जुळवताही येतो. परंतु 'नंगा' शब्दाशी जमलेल्या जोडीचा उलगडा त्याने होत नाही. 'लुञ्चित' हेच कूळ अधिक संभवनीय दिसते.

मग हे अधःपतन झाले कसे? एक कारण उघड आहे. रस्त्यावरून जाणारा विवस्त्र, मुंडित मनुष्य ज्याला कळला नाही, तो हसला. हसण्यातून शब्द तयार झाला. दुसरे कारण मात्र आपल्याला अधिक बोचणारे आहे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात जीवसिद्धी नावाचा क्षपणक, म्हणजे जैन साधू, राक्षसाचा मित्र म्हणून वावरतो; प्रत्यक्षात तो चाणक्याचा हेर असतो. लुञ्चित मस्तकाआड कपट लपू शकते, हे प्राचीन प्रेक्षकाला पटण्यासारखे वाटले असल्याखेरीज नाटककार ही योजना करता ना. वेष पूज्य असला, की त्याचा गैरफायदा घेणारा भेटतोच. आणि त्याचे माप खऱ्या साधूंच्या पदरात पडते.

याउलट 'बदमाश' हा शब्द पाहावा. 'बद' म्हणजे वाईट आणि 'मआश' म्हणजे उपजीविका. ज्याच्या मिळकतीचे साधन वाईट तो बदमाश. त्यात कोणाच्या वेषावर, पंथावर वा देहावर बोट नाही. हिशेब चोख! निंदा करायचीच तर ती अशा शब्दाने करावी. नातवाला लाडाने लुच्चा म्हणणाऱ्या आजीच्या मनात मुनिनिंदा नसते, तेव्हा तिला कोणी अडवू नये. परंतु श्रावकाने संतापाच्या भरात कोणाला 'नंगा-लुच्चा' म्हणताना आपण काय उच्चारीत आहोत, हे जाणून असावे.

'पाखंडी' या शब्दाची गतही निराळी नाही. सम्राट अशोकाच्या लेखांत 'पासंड' म्हणजे केवळ धर्मपंथ. त्यात निंदेचा लवलेशही नाही. दिल्ली-तोपरा स्तंभावरील सातव्या लेखात तर निर्ग्रंथांसाठीही महामात्र नेमल्याचा उल्लेख आहे. गिरनारच्या शिलेवरील बाराव्या लेखात सर्व पासंडांचा आदर राखण्यास सांगितले आहे आणि त्याचे मूळ म्हणून 'वचिगुती', म्हणजे वाणीचा संयम, सांगितला आहे. तीन गुप्तींपैकी वचनगुप्ती जैनांना परिचितच आहे. ती शिला जुनागढहून गिरनारकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच आहे, आणि नेमिनाथांच्या दर्शनाला निघालेले यात्रेकरू रोज तिच्यावरून पुढे जातात.