पाणी मिळाले, पोहणे राहिले

उन्हाळ्याची सुटी लागली की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. कुठे विहिरीत, कुठे शेततळ्यात, कुठे पाझर तलावात मुले बुडाली. पुष्कळदा एक बुडू लागला म्हणून दुसरा धावला आणि दोघेही गेले, असे असते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात अडतीस हजारांच्या आसपास माणसे बुडून मरण पावल्याची सरकारी नोंद आहे. ही मुले बहुतेक कोणाची असतात, ते आमच्या वाचकांना सांगायला नको. आई-बाप कामावर, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले, आणि घरी पोरांवर लक्ष ठेवायला थकलेली आजी.

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे केदारेश्वराच्या जुन्या देवळाचे आणि किल्ल्याचे गाव. धर्मापुरी काय किंवा आपल्या भागातले दुसरे कोणतेही गाव काय, तिथे पोहण्याचा वर्ग कधी भरत नसे. पाठीला वाळलेला भोपळा नाही तर रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि काकाने पोराला विहिरीत ढकलून द्यायचे. आठ दिवसांत पोरगे काठावरून सूर मारू लागे. पण हे शिक्षण मिळाले कोणाच्या पोरांना? ज्याची विहीर त्याचे पोहणे. आपल्या वाडवडिलांना विहिरीच्या काठावर पाय ठेवायची बंदी होती. घागरभर पाण्यासाठी जे तासन् तास ताटकळत उभे राहिले, त्यांनी पाण्यात उतरायचे कसे आणि मुलांना शिकवायचे कसे? आपल्या घरांतून पाण्याची जी भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिचे मूळ तिथे आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यावर सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. पुढे दहा वर्षे कोर्टकचेरी चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. हा इतिहास आपल्या लेकरांना पाठ आहे. आता साता समुद्रांपलीकडची अशीच एक हकिगत त्यांना सांगावी, असे आम्हाला वाटते.

अमेरिकेत काळ्या लोकांना गोऱ्यांच्या पोहण्याच्या तलावात मज्जाव होता. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिन गावी काही काळे आणि गोरे सत्याग्रही मिळून एका हॉटेलच्या तलावात उतरले. त्यांना बाहेर काढण्यासाठी हॉटेलच्या चालकाने पाण्यात चक्क आम्ल ओतले. त्याची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली. महाडला पंचगव्य आणि तिकडे आम्ल, पण विटाळाची भावना तीच. कायदे बदलले, तरी त्या बंदीचे परिणाम राहिले. ज्या आई-बापांना पोहता येत नव्हते, त्यांची मुलेही कोरडीच राहिली. २०१७ सालच्या एका पाहणीत अमेरिकेतल्या दर शंभरातील ६४ काळ्या मुलांना पोहणे अजिबात किंवा फारसे येत नसल्याचे आढळले. बुडून मरणाऱ्यांतही त्यांचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त आहे.

अशा समाजातून एक विद्यापीठ पुढे आले. वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ १८६७ साली, गुलामगिरी संपल्यावर लगेच, स्थापन झाले. काळ्यांच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या अशा शंभराच्या आसपास संस्था अमेरिकेत आहेत. त्यांपैकी जलतरण आणि सूर मारण्याचा संघ २०२३ साली एकट्या हॉवर्डकडे होता. याच विद्यापीठात शिकलेले आणि पोहलेले निकोलस अ‍ॅस्क्यू २०१४ साली प्रशिक्षक म्हणून परत आले. त्यांनी गावोगावची काळी मुले-मुली गोळा केली आणि संघ नव्याने बांधला. फेब्रुवारी २०२३ मध्ये हॉवर्डच्या मुलांनी आपल्या विभागाचे अजिंक्यपद पटकावले. याआधीचे अजिंक्यपद १९८९ सालचे, म्हणजे मध्ये चौतीस वर्षे गेली होती.

हे यश एकट्यादुकट्याच्या पराक्रमाचे नसते. तिथल्या विभागीय स्पर्धेत पहिल्या तिघांनाच गुण मिळतात असे नाही, तर सोळाव्या क्रमांकालाही मिळतात. उंच फळीवरून कोलांट्या घेत सूर मारणाऱ्यांचे गुणही संघाच्याच खात्यात जमा होतात. तिथे पंच सुराला दहापैकी गुण देतात, आणि सूर जितका अवघड तितकी गुणांची पट मोठी. म्हणून एक हिरा शोधून भागत नाही. वीस-पंचवीस जण रोज पहाटे पाण्यात हवेत, त्यांना शिष्यवृत्ती हवी, वसतिगृह हवे आणि पोटभर जेवण हवे.

आपल्याकडेही हे होऊ शकते. २०२२ साली बंगळूरला भरलेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत यजमान जैन विद्यापीठ २० सुवर्णपदकांसह पहिले आले, आणि त्यात जलतरणपटूंचा वाटा मोठा होता. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांना तर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळेपणा आला होता. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. अपंगांच्या ऑलिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक.

बीड जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्या नावासाठी आपल्या माणसांनी घरेदारे आणि जीवसुद्धा गमावले. त्या विद्यापीठाच्या जलतरण संघात आपली मुले-मुली किती, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी क्रीडा संचालकांना भेटून आंतरमहाविद्यालयीन जलतरणाची चौकशी करावी. शहरात राहणाऱ्यांनी नगरपालिकेच्या तलावाची फी आणि वेळ विचारून यावे. गावात ज्याला पोहता येते, अशा जाणत्या माणसाने सुटीत पाच-दहा पोरांना दोर बांधून विहिरीत उतरवावे, आणि त्यात मुलींना वगळू नये. बुडताना पाणी मुलगा-मुलगी पाहत नाही.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. कोणी बुडत असेल तर पोहता न येणाऱ्याने उडी मारू नये. दोर टाकावा, लुगडे टाकावे, झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेकावा आणि मोठ्याने हाका मारून माणसे गोळा करावीत.

पाण्यावरचा हक्क आपल्या आजोबा-पणजोबांनी मिळवून दिला. आता त्या पाण्यात निर्भयपणे उतरायला मुलांना शिकवणे, हे आपले काम आहे.