शब्दांची शाळा : मौजमजेचे इंग्रजी

सहामाहीनंतर इंग्रजीच्या वहीत सहलीवरचा निबंध हमखास असतो, आणि त्यात एक वाक्यही हमखास असते : 'द पिकनिक वॉज व्हेरी फनी.' मुलाला म्हणायचे असते, सहलीत खूप मजा आली. वाचणाऱ्याला मात्र वाटते की सहल हास्यास्पद झाली, किंवा तिथे काहीतरी विचित्र घडले. बाई लाल शाईने रेघ मारतात, पण का मारली हे साठ मुलांच्या वर्गात एकेकाला समजावून सांगायला त्यांना वेळ नसतो. घरी सांगणारे कुणी नसते. म्हणून आजचा पाठ मौजमजेच्या शब्दांचा. मुलांना जवळ बसवून मोठ्यांनीही वाचावा, कारण यातले एकदोन शब्द मोठ्यांच्याच कामाचे आहेत.

'फन' म्हणजे मजा. 'फनी' म्हणजे हसू आणणारे किंवा विचित्र. दोन शब्द एकाच घरातले असले तरी कामे वेगळी. 'द पिकनिक वॉज फन' म्हटले की काम झाले. 'वुई हॅड फन' हेही बरोबर. पण 'वुई मेड फन' म्हणू नये. 'मेक फन ऑफ' म्हणजे एखाद्याची टिंगल करणे. वर्गात कुणी आपल्या मुलाच्या कपड्यांवरून, आडनावावरून, बोलण्यावरून हसत असेल, तर तक्रार करताना हेच शब्द लागतात : 'दे मेक फन ऑफ मी.' मजेचा शब्द आणि टिंगलीचा शब्द एकच कसा, असे मुले विचारतील. त्याचे उत्तर शब्दाच्या जन्मात आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत फसवणे, गंडवणे या अर्थाने वापरला जाई. मजेचा अर्थ मागाहून आला. १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशात सॅम्युएल जॉन्सन यांनी 'फन'ला हलक्या लोकांच्या बोलीतला शब्द ठरवले होते. आज तो राजघराण्यातही चालतो. हलके म्हणून बाजूला सारलेले शब्दही पुढे सगळ्यांच्या तोंडी बसतात.

दुसरा शब्द 'एन्जॉय'. हा तर आता मराठीच झाला आहे. 'खूप एन्जॉय केलं' असे आपण लग्नाहून आल्यावर म्हणतो, त्याला काही हरकत नाही. इंग्रजीत मात्र या शब्दाला पुढे काहीतरी लागते. कशाची मजा घेतली ते सांगावे लागते : 'वुई एन्जॉइड द ट्रिप.' काहीच सांगायचे नसेल तर 'वुई एन्जॉइड अवरसेल्व्ह्ज'. नुसते 'वुई एन्जॉइड' हे परीक्षेत चुकीचे धरतात.

याच शब्दाला कायद्याच्या कागदात वेगळा अर्थ आहे. इंग्रजी भाडेकरारात 'पीसफुल एन्जॉयमेंट' असे शब्द येतात. वाचून वाटेल, घरमालक आपल्याला मौज करायला सांगतो आहे की काय! तिथे एन्जॉयमेंट म्हणजे उपभोग. भाडे वेळेवर भरणाऱ्या भाडेकरूला त्या जागेचा निर्वेध उपभोग घेऊ द्यावा, मालकाने मध्येच येऊन त्रास देऊ नये, असा त्याचा अर्थ. कागदावर सही करताना ही ओळ आहे की नाही ते जरूर पाहावे.

त्याहून महत्त्वाचा शब्द 'एंटरटेन'. एंटरटेनमेंट म्हणजे करमणूक, हे सिनेमामुळे सर्वांना माहीत आहे. सिनेमाच्या तिकिटावर करमणूक कर असे. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा राज्याचा तो कर त्यात मिसळला. पण हाच शब्द सरकारी किंवा कंपनीच्या पत्रात आला की भल्याभल्यांची गल्लत होते. 'युअर अॅप्लिकेशन कॅनॉट बी एंटरटेन्ड.' समजा नोकरीच्या, शिष्यवृत्तीच्या किंवा थकलेल्या रकमेच्या अर्जाला असे उत्तर आले. यात कुणाची करमणूक नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ धरून ठेवणे, सांभाळणे असा. त्यावरून पाहुण्याला ठेवून घेणे, त्याची बडदास्त राखणे हा अर्थ आला, आणि पाहुण्याला रिझवणे हा त्याच्या पुढचा. ऑफिसातल्या पत्रात जुनाच अर्थ टिकून आहे : तुमचा अर्ज आम्ही विचारात घेऊ शकत नाही.

आता नीट लक्ष द्या. 'रिजेक्टेड' म्हणजे अर्ज तपासून नाकारला. 'कॅनॉट बी एंटरटेन्ड' म्हणजे बहुतेक वेळा आतला मजकूर तपासलाच नाही, दारातूनच परत पाठवला. मुदत टळली असेल, नमुना चुकला असेल, दाखला जोडायचा राहिला असेल, किंवा अर्ज भलत्याच खात्याकडे गेला असेल. अशा वेळी 'आपल्याला नाही म्हणाले' असे समजून कागद पेटीत ठेवू नये. कारण काय ते पत्रातच पुढच्या ओळीत बहुधा असते, ते शोधावे. नसेल तर लेखी विचारावे. कित्येकदा एक दाखला जोडून तोच अर्ज पुन्हा देता येतो. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी अशी पत्रे शेजाऱ्यांना वाचून दाखवावीत. नुसते वाचून नव्हे, अर्थ सांगून.

'लेझर' हा शब्द मला स्वतःला फार आवडतो. अर्थ : फुरसत, रिकामा वेळ. लॅटिन भाषेत याचे मूळ 'परवानगी असणे' असे आहे. 'लायसन्स' त्याच मुळातला. म्हणजे ज्याला परवानगी, त्याला फुरसत! गिरणीत बारा-चौदा तास उभे राहणाऱ्याला ही परवानगी कोण देणार होते? १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याचे ५४ तास होते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ साली ते ४८ झाले. आठवड्याला सहा तास मोकळे. कुणी ते वाचनात घालवले, कुणी भजनीमेळ्यात, कुणी नुसते झोपून काढले. थकलेल्या माणसाने झोप काढली तर तीही फुरसतच.

'पिकनिक' फ्रेंचमधून आला. पूर्वी ज्या जेवणात प्रत्येकाने आपला वाटा आणायचा त्याला हा शब्द होता, आपल्या अंगतपंगतीसारखा. 'हॉलिडे' म्हणजे मुळात पवित्र दिवस, सणाचा दिवस. आणि उलटा प्रवासही झालेला आहे. 'तमाशा' अरबी-फारसीतून आपल्याकडे आला आणि इथून इंग्रजीत गेला. इंग्रजी कोशात तो आजही सापडतो, पण अर्थ गाजावाजा, गोंधळ असा. ढोलकीवर आयुष्य काढलेल्या आपल्या कलावंतांची कला त्या अर्थात कुठेच नाही. कोशकारांनी वेशीपाशी ऐकले आणि लिहून घेतले, असेच म्हणावे लागेल. तसे आपले 'मजा' आणि 'मौज' हेही बाहेरचेच. फारसीत मजा म्हणजे चव, आणि मौज म्हणजे लाट.

आता अभ्यास. मुलांनी ही तीन वाक्ये वहीत दुरुस्त करून लिहावीत : 'आय एन्जॉइड इन द फेअर.' 'द गेम वॉज व्हेरी फनी, वुई ऑल लाइक्ड टू प्ले इट.' 'वुई मेड फन इन द गार्डन.' मोठ्यांनी घरातल्या पेटीत जुने एखादे इंग्रजी पत्र पडले असेल तर काढून त्यात 'एंटरटेन्ड' शब्द आहे का ते पाहावे. पुढच्या वेळी पत्रातला 'रिग्रेट' हा शब्द घेऊ.