‘आजच घ्या’ हे कधी खरे असते?



गेल्या दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. बोळिंजला आमच्याच इमारतीत राहणारा दहावीतला एक मुलगा रात्री नऊच्या सुमारास धावत माझ्याकडे आला. हातात वडिलांचा मोबाइल. “सर, लवकर सांगा, हा संगणक घेऊ का? दोन तास चौदा मिनिटंच उरली आहेत!”

मी पाहिले. संगणक विकणाऱ्या एका संकेतस्थळावर लाल आकड्यांचे घड्याळ उलटे पळत होते. मूळ किंमत खोडलेली, तिच्याखाली सवलतीची किंमत आणि सोबत डावपेचांचे तीन खेळ जवळजवळ फुकट! मुलाचे वडील रिक्षा चालवतात. या संगणकासाठी त्यांनी वर्षभर भिशी लावली होती.

मी म्हटले, “प्रयोगशाळेत तू एकाच नोंदीवर निष्कर्ष काढतोस का? उद्या याच वेळी पुन्हा नोंद घे.” तो थोडा हिरमुसून गेला. दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा आला, तो हसतच. घड्याळ परत दोन तासांच्या पुढे जाऊन बसले होते आणि किंमतही कालचीच होती. संपणारी सवलत काही संपली नव्हती!

या छोट्या प्रयोगातून एक मोठा प्रश्न निघतो. “आजच घ्या, उद्या मिळणार नाही” असे विक्रेता म्हणतो, ते खरे कधी असते?

याचे उत्तर आपल्या भागातच आहे. वसई-विरारच्या वाड्यांतली भाजी, केळी, फुले घेऊन पहाटेच्या लोकलने मुंबईला जाणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. मधला व्यापारी नाही, दुकान नाही; वाडीतला माल थेट गिऱ्हाइकाच्या दारात. सकाळी वीस रुपयांना दिलेली जुडी संध्याकाळी त्या दहाला देतात. का? कारण पालेभाजी सुकते. तिथे ‘आजच घ्या’ हे अगदी खरे असते. घाई निसर्गाने लावलेली असते.

आता संगणकाकडे वळू. संगणक सुकत नाही, सडत नाही. पण त्याच्या सुट्या भागांची किंमत मात्र कोमेजते. १९६५ साली गॉर्डन मूर यांनी दाखवून दिले, की एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाते. पुढे १९७५ साली त्यांनी हा काळ सुमारे दोन वर्षांचा सांगितला. याचा अर्थ, गोदामात पडून राहिलेला भाग नव्या भागापुढे लवकरच जुना ठरतो.

ही गोष्ट मायकेल डेल यांनी नेमकी हेरली. १९८४ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात शिकत असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एक हजार डॉलर भांडवलावर त्यांनी संगणक थेट ग्राहकांना विकायला सुरुवात केली. आधी मागणी घ्यायची, मग जुळणी करायची आणि माल परस्पर ग्राहकाकडे पाठवायचा. गोदामात माल फार दिवस ठेवायचाच नाही. १९९६ साली त्यांच्या कंपनीने इंटरनेटवरून विक्री सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती दिवसाला दहा लाख डॉलरवर पोहोचली. भाजीवालीच्या टोपलीत जे तत्त्व आहे, तेच या व्यवहारात आहे: नाशवंत माल साठवू नये.

पण एक फरक नीट लक्षात घ्या. इथे नाशवंत माल आहे तो विक्रेत्याकडे. म्हणून घाई त्याला असायला हवी, आपल्याला नव्हे! सर्वसाधारणपणे वाट पाहणाऱ्या ग्राहकाला त्याच पैशांत अधिक चांगले यंत्र मिळत आले आहे. अर्थात, हा काही गुरुत्वाकर्षणासारखा नियम नव्हे. मागणी एकाएकी वाढली, की स्मृतीचिपांचे भाव चढतातही. म्हणूनच एका दिवसाच्या किमतीवर न जाता काही आठवड्यांच्या किमती वहीत टिपून ठेवाव्यात.

आता तिसरा माल, म्हणजे खेळ. डावपेचांचा एखादा मोठा खेळ तयार करायला कित्येक माणसांचे काही वर्षांचे श्रम लागतात. पण एकदा तो तयार झाला, की दुसरी प्रत काढायला खर्च जवळजवळ शून्य! ती प्रत म्हणजे शून्य आणि एक यांची एक लांबलचक रांग. ती सुकत नाही आणि वाटून संपतही नाही. म्हणूनच आरंभी पूर्ण किंमत देणारे ग्राहक संपले, की विक्रेता किंमत निम्म्यावर, मग पाव हिश्श्यावर आणू शकतो आणि तरीही त्याला फायदाच होतो. तेव्हा खेळाच्या प्रतीवर ‘आजच घ्या’ असे लिहिलेले असेल, तर त्यामागे निसर्गाचे कोणतेही कारण नाही. आज सवलत हुकली, तर ती बहुधा पुन्हा येते.

शिवाय डावपेचांचे खेळ जुने झाल्याने बिघडत नाहीत. बुद्धिबळ शेकडो वर्षांचे आहे, म्हणून ते कोणी टाकून दिले का? १९९१ साली आलेला ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ त्या काळच्या तुटपुंज्या स्मृतीच्या संगणकांवर चालत असे. त्यावरून स्फूर्ती घेऊन डेन्मार्कमधील विद्यार्थ्यांनी १९९५ साली ‘फ्रीसिव्ह’ हा खेळ लिहायला घेतला. तो आजही कायदेशीररीत्या फुकट मिळतो. पाळीपाळीने खेळायच्या अशा खेळांत चित्रे झपाट्याने हलवावी लागत नाहीत. काम पडते ते मुख्यतः आपल्या डोक्याला. त्यासाठी महागडे चित्रकार्ड आणि रंगीत दिव्यांची पेटी कशाला हवी?

थोडे गणित करू. समजा, एक दणकट संगणक खेळताना ४०० वॅट वीज घेतो आणि एक साधा लॅपटॉप ५० वॅट. रोज दोन तास खेळल्यास महिन्याला पहिला २४ युनिट वीज घेईल, दुसरा फक्त ३. ही जास्तीची वीज शेवटी खोली तापवण्यातच जाते. बोळिंजच्या मे महिन्यात याची गरज आहे का, हे तुम्हीच ठरवा!

कोणी म्हणेल, “मग थेट खरेदी वाईटच म्हणायची का?” मुळीच नाही. थेट खरेदीची परंपरा आपल्याकडेही आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजाऱ्यांचे गट करून घाऊक खरेदी केली आणि माल सभासदांपर्यंत पोहोचवला. पण तिथे मालाची पारख करणारी जाणती माणसे होती. माझे म्हणणे एवढेच आहे, की मधला दुकानदार गेला म्हणून त्याचे काम संपत नाही. वस्तू पारखणे, भाव ताडून पाहणे, बिघडल्यास कोणाला गाठायचे हे ठरवणे, ही सारी कामे आता आपल्या अंगावर येतात. सगळ्यांना ती पेलत नाहीत. खुद्द डेल यांच्या कंपनीनेही २००७ साली दुकानांतून संगणक ठेवायला सुरुवात केली, हे विसरू नका. वस्तू हाताळून पाहावी असे वाटणाऱ्या माणसाने जाणत्या दुकानदाराला चार पैसे अधिक दिले, तर त्यात कमीपणा नाही.

थेट घ्यायचेच, तर कायदा तुमच्या बाजूला आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार परतावा, हमी आणि तक्रार अधिकारी यांची माहिती संकेतस्थळावर द्यावी लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत मिळाली पाहिजे. फसवणूक झाल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक आहे. पैसे भरण्याआधी ही माहिती शोधा. ती सापडत नसेल, तर ते दुकान सोडा.

त्या मुलाने पुढे काय केले? त्याने वहीत तक्ता आखला: कोणते काम करायचे, त्यासाठी कोणता भाग लागतो, कुठे काय भाव. शिक्षकांना माझी विनंती आहे, की असा तक्ता एकदा वर्गात करून घ्यावा. आलेख, टक्केवारी, विद्युतशक्ती असे बरेच धडे त्यात एकदम येतात. सव्वा महिन्याने त्याने साधाच संगणक घेतला. भिशीतले काही पैसे उरले, ते वडिलांच्या रिक्षाच्या टायरना कामी आले.

डावपेचांच्या खेळात तुम्ही राजे असता. सैन्य उभारण्याआधी खजिना मोजता, शत्रू डिवचतो म्हणून चाल करीत नाही. पडद्यावरच्या खोट्या मोहरा इतक्या जपून खर्च करणाऱ्यांनी घरातल्या खऱ्या रुपयांसाठी तेवढी तरी सबुरी दाखवायला नको का?