दिवाणखान्यातील द्यूतसभा

फेब्रुवारीचा पहिला रविवार. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर प्रथेप्रमाणे इंडियन डर्बी धावते. १९४३ साली सुरू झालेल्या या शर्यतीला एके काळी लोकलगाड्या भरभरून माणसे महालक्ष्मी स्थानकावर उतरत. हातात घोड्यांची कुंडली मांडलेले पुस्तक, कानावर पेन्सिल आणि खिशात महिन्याच्या पगारातील, घरी न सांगितलेला हिस्सा. संध्याकाळी परतणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून निकाल कळत असे. बहुतेक चेहरे सारखेच असत.

आता महालक्ष्मीला उतरण्याची गरज उरलेली नाही. उपनगरातील एखाद्या सुखवस्तू घराचा दिवाणखाना डोळ्यांसमोर आणावा. रविवारचे जेवण आटोपले आहे. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर शर्यतीचे चित्रण लागले आहे. वडिलांच्या मोबाईलवर खेळाचे ॲप उघडे आहे, आई घोड्यांची नावे वाचून दाखवते आहे, महाविद्यालयात जाणारा मुलगा भाव वर गेला की खाली आला ते सांगतो आहे. कोपऱ्यातल्या आजीलाही विचारले जाते, "आजी, एक आकडा सांग ना!" आजी हसून नातवाच्या जन्मतारखेचा आकडा सांगते. पाचशे रुपये लागतात. त्या आकड्याचा घोडा पहिला आला, तर आजी दिवसभर कौतुकाचा विषय होते. नाही आला, तर पुढची शर्यत अर्ध्या तासावर आहेच. ते ॲप परवान्याचे आहे की समुद्रापलीकडच्या एखाद्या बेटावरून चालते, याची विचारपूस या बैठकीत कोणी करीत नाही. सगळे एकत्र बसले आहेत, हसत आहेत. यात वाईट ते काय, असेच कोणालाही वाटेल.

वाईट काय आहे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जुगार ही काही पाश्चात्त्यांनी आपल्याकडे आणलेली वस्तू नाही, हे प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आपल्या पूर्वजांना तो पुरेपूर ठाऊक होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त, ज्याला अक्षसूक्त म्हणतात, ते एका हरलेल्या जुगाऱ्याचेच आहे. बायको दुरावली आहे, सासू तिरस्कार करते आहे, आई रडते आहे आणि तरीही फाशांचा आवाज कानी पडताच पाय तिकडेच वळतात. व्यसनाचे इतके अचूक निदान आजच्या वैद्यकालाही जमलेले नाही. स्मृतिकारांनी तर त्यात प्रकारही केले. फाशांसारख्या निर्जीव वस्तूंनी खेळतात ते द्यूत आणि प्राण्यांना झुंजवून वा पळवून पैज लावतात तो समाह्वय. मनूने दोहोंनाही राज्यात थारा देऊ नये असे सांगितले. डर्बीवरची पैज ही या व्याख्येने समाह्वयच ठरते.

कौटिल्य मात्र व्यवहारी होता. मनुष्यस्वभावातून जुगार पुसता येणार नाही, हे जाणून त्याने द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी नेमला. जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाचचा हिस्सा राजाकडे घेतला आणि खेळ एकाच नेमलेल्या जागी चालेल असा दंडक घातला. जो दुसरीकडे खेळेल त्याला दंड. या दंडकातले मर्म नीट पाहिले पाहिजे. खेळणाऱ्याला घरातून उठून जावे लागते. जाताना तो दिसतो, येताना दिसतो. जागा, वेळ आणि लोकांची नजर अशी तीन कुंपणे त्याच्याभोवती उभी राहतात.

नवल असे की, इंग्रजांनीही हेच केले. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने जुगाराला बंदी केली आणि घोड्यांच्या शर्यतीवरील पैज तेवढी सोडली, पण तीही रेसकोर्सच्या आत, त्यासाठी राखलेल्या आवारातच. पुढे १९१२ च्या कायद्याने रेसकोर्सनाच परवाना लागू झाला. हेतू वेगळे असतील, साहेबाला आपला रविवार सांभाळायचा असेल, पण कुंपणाचे तत्त्व तेच राहिले. हातातल्या मोबाईलने हे दोन हजार वर्षांचे कुंपण काही वर्षांत मोडून टाकले.

तरीही एक कुंपण उरले होते. ते म्हणजे घर. पैज लावणारा माणूस घरापासून लपत असे. बायकोला कळेल, वडील काय म्हणतील, मुलांसमोर तोंड कसे दाखवावे, हा धाक हजार कायद्यांचे काम करीत होता. गिरणगावातल्या कितीतरी संसारांना मटक्याच्या आकड्यांतून कोणी परत आणले असेल, तर ते पोलिसांनी नव्हे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभ्या राहणाऱ्या घरच्या लक्ष्मीने आणले. २००० नंतर गल्लोगल्ली ऑनलाइन लॉटरीची दुकाने उघडली तेव्हाही दुकानाबाहेर ओळखीचे कोणी दिसले की माणूस मान खाली घालून निघून जात असे. त्या खाली गेलेल्या मानेत पुष्कळ काही शिल्लक होते. कुटुंब स्वतःच पैजेला बसते तेव्हा मान खाली घालण्याचे कारणच संपते. थांब म्हणणारा आवाज ज्या माणसांकडून यायचा, तीच माणसे आता आकडा सांगत असतात.

हस्तिनापुरातले द्यूत हे कोण्या परक्या जुगारगृहातले नव्हते, याचा आपल्याला अनेकदा विसर पडतो. ती एका कुटुंबाची बैठक होती. चुलत भाऊ, मामा, काका, आजोबा, गुरू सगळे हजर होते. खास त्यासाठी नवी सभा बांधली होती. धृतराष्ट्राने पांडवांना निरोप धाडला तो सुहृद्द्यूताचा, म्हणजे आपल्याच माणसांमधल्या गमतीच्या खेळाचा. आजच्या 'फॅमिली फन'ला व्यासांनी तेव्हाच नाव देऊन ठेवले होते! खेळ चढत गेला, तसा आंधळा राजा अधीर होऊन विचारू लागला, जिंकले का, जिंकले का? विदुर एकटा उठून बोलला आणि त्याचे कोणी ऐकले नाही. भीष्मांसारखा पुरुष बसून राहिला. घरातली वडीलधारी माणसे सभासद होऊन बसली की ती वडीलधारी राहत नाहीत, प्रेक्षक होतात.

त्या कथेचा दुसरा भाग त्याहून बोलका आहे. द्रौपदीला मिळालेल्या वरांमुळे पांडवांचे गेलेले सारे परत मिळाले. राज्य, रथ, स्वातंत्र्य, सगळे. ते इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागलेही होते. तेवढ्यात पुन्हा बोलावणे आले आणि धर्मराज पुन्हा येऊन बसला. त्या अनुद्यूतातून बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास निघाला. पहिल्या दिवशी हरलेले पैसे 'बोनस' म्हणून खात्यात परत टाकणारी आणि मग दररोज निरोप पाठवणारी आजची ॲपे याहून निराळे काही करीत नाहीत.

शर्यतीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि त्याला न्यायालयाचा आधारही आहे. तामिळनाडू सरकारने शर्यतींवर बंदी आणण्याचा व पुढे मद्रास रेस क्लब ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. त्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचे कुळ, मागील शर्यतींतील कामगिरी, जॉकीचा हात, धावपट्टीची अवस्था या सर्वांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, हे खरेच आहे. वर्षानुवर्षे पहाटे सराव पाहायला जाणारी माणसे हा अभ्यास करतातही. पण अनेक शर्यतींत वेगवान घोड्याच्या पाठीवर जास्त वजन दिले जाते. हँडिकॅप म्हणतात त्याला. हेतू हा की, सर्वांना सारखी संधी मिळावी. म्हणजे ज्या गुणाचा अभ्यास करायचा, तोच गुण वजन लादून झाकण्याची व्यवस्था खेळातच आहे. आणि दिवाणखान्यातल्या आजीचे काय? ती नातवाच्या जन्मतारखेवर पैसे लावते, नात जॉकीच्या अंगरख्याचा गुलाबी रंग पाहून लावते. या बैठकीत कौशल्य आहे ते फक्त ॲप बनवणाऱ्याचे.

यातले गणितही मांडले पाहिजे. टोटच्या पद्धतीत सर्वांचे पैसे एका भांड्यात जमतात, त्यातून आयोजकांची वजावट निघते आणि उरलेले विजेत्यांत वाटले जातात. म्हणजे सर्व खेळणारे मिळून घालतात त्यापेक्षा कमीच परत घेतात. एखादा जिंकतो तो दुसऱ्याच्या ताटातले. समजा, शंभरातून वीस रुपये वजा होतात. हजार रुपये घेऊन बसलेल्या कुटुंबाने परत आलेली रक्कम प्रत्येक वेळी पुढच्या शर्यतीवर लावली, तर सरासरीच्या हिशेबाने पहिल्या शर्यतीनंतर आठशे, दुसरीनंतर सहाशे चाळीस आणि सातवी संपेपर्यंत सुमारे दोनशे दहा रुपये हाती राहतील. याशिवाय कर वेगळा. ऑक्टोबर २०२३ पासून शर्यतीच्या पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवरचा तीस टक्के प्राप्तिकर आणखी निराळा. शाळकरी मुलालाही हे गणित सोडवता येईल, पण त्या दिवाणखान्यात कोणी वही काढलेली नसते.

हा रस्ता कोठे जातो, हे पाहायचे तर ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. तेथे नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप धावतो. १८६१ पासूनची ही परंपरा. मेलबर्न शहराला त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. घरोघरी, कचेऱ्यांत चिठ्ठ्या टाकून घोडे वाटून घेतात, फोनवर पैजा लागतात, मुलेही त्यात असतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुलेही याच सुट्टीत वाढत आहेत. वर्षातून एकच दिवस, अशी त्याची सुरुवात. आज माणशी जुगारात गमावल्या जाणाऱ्या रकमेत ऑस्ट्रेलिया जगात अग्रभागी आहे. २०२३ च्या जूनमध्ये तेथील संसदीय समितीने एकमुखाने ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद करण्याची शिफारस केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, स्वतःला जुगारापासून बंद करून घेण्यासाठी नाव नोंदवण्याची राष्ट्रीय यादी सरकारला उघडावी लागली. २०२४ च्या जूनपासून ऑनलाइन पैजेसाठी क्रेडिट कार्ड वापरण्यास मनाई झाली. मोकळीक देऊन पाहिलेला देश आता एकेक कुंपण पुन्हा उभारतो आहे.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला, हे स्वागतार्हच होते. पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे आणि पन्नास लाख, अशी तरतूद त्यात आहे. सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला वीस हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज त्या वेळी सांगण्यात आला. कौशल्य की नशीब, या वादात तीन दशके अडकलेला प्रश्न या कायद्याने बाजूला सारला. कंपन्या न्यायालयात गेल्या, ते अपेक्षितच होते. जे सरकार एका हाताने बंदी घालते, त्याने दुसऱ्या हाताने पैजेवर चाळीस टक्के मिळवावेत का, हा प्रश्न मात्र कौटिल्याच्या पाच टक्क्यांची आठवण ठेवून विचारलाच पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने महादेव बुकसह २२ बेकायदेशीर सट्टा ॲपे बंद केली, तेव्हाही दिसले होते की, एक दार बंद झाले की ही मंडळी दुसऱ्या नावाने दुसरे उघडतात.

त्यातच या कायद्याने खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. ते योग्यही आहे, कारण तो बळी आहे. पण याचा अर्थ असा की, दिवाणखान्यातल्या त्या बैठकीपर्यंत कोणी पोलीस येणार नाही. तेथे पोहोचू शकतो तो घरचाच माणूस, किंवा त्या घरी नेहमीचे जाणे-येणे असलेला कार्यकर्ता. त्याने उपदेश करण्याची गरज नाही, उपदेशाने जुगार सुटल्याचे अक्षसूक्तातही दिसत नाही. महिन्यातून एकदा सर्वांनी एकत्र जेवावे आणि जेवणानंतर प्रत्येकाच्या मोबाईलवरून गेलेल्या पैशांची यादी मोठ्याने वाचली जावी, एवढा नेम घरात लावून द्यावा. दूधवाला, वीज, शाळेचे शुल्क, किराणा यांच्यामध्ये कोठे तरी पाचशे, पुन्हा पाचशे, मग दोन हजार अशी एक अनोळखी नावाची ओळ येईल. ती कोणी वाचायची आणि वाचताना कोणाकडे पाहायचे, हे त्या घरातील माणसांना सांगावे लागणार नाही.