विश्लेषण : रुग्णालयांतील आग… पहिल्या पाच मिनिटांसाठी कर्मचारी सज्ज आहेत का?

भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात अतिदक्षता कक्षात आग लागून १० बालके दगावली. त्याच वर्षी विरार आणि तेव्हाच्या अहमदनगरमध्येही अतिदक्षता विभाग पेटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीत भंडाऱ्याचीच पुनरावृत्ती झाली. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती यंत्रणेच्या लेखापरीक्षणाची. त्या क्षणी कक्षात असलेल्या परिचारिकेला काय शिकवले होते, हा प्रश्न मागेच राहिला.

अतिदक्षता विभागच का पेटतात?

येथे चोवीस तास चालणारी विद्युत उपकरणे, वातानुकूलनासाठी बंद ठेवलेल्या खिडक्या आणि प्राणवायू एकत्र असतात. हवेतील प्राणवायूचे प्रमाण वाढले, की ठिणगीही झपाट्याने पसरते. गाद्या व प्लास्टिक जळून निघणारा धूर ज्वाळांच्या आधी रुग्णांपर्यंत पोहोचतो. भंडाऱ्यातही बहुतेक बालकांचा मृत्यू गुदमरून झाला होता.

पहिल्या काही मिनिटांत काय करायचे असते?

अग्निशमन दल येईपर्यंतचा वेळ कर्मचाऱ्यांच्याच हाती असतो. क्रम साधा आहे. ज्वाळांजवळच्या रुग्णाला हलवणे, इशारा देणे, दारे बंद करून धूर रोखणे आणि शक्य असेल तरच आग विझवणे. रुग्णांना लगेच जिन्याने खाली नेण्यापेक्षा त्याच मजल्यावरील सुरक्षित भागात नेणे सोपे असते. कठीण निर्णय असतो प्राणवायूची झडप बंद करण्याचा. ती बंद केली नाही तर आग भडकते. बंद केली तर त्या वाहिनीवरील रुग्णांचा श्वास अडतो. त्यामुळे झडप कुठे आहे, ती कोणी बंद करायची आणि हाताने श्वास देण्याच्या पिशव्या व छोटे सिलिंडर कुठे आहेत, हे आधीच ठरलेले असावे लागते. नाशिकमध्ये २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीतील गळतीमुळे प्राणवायूचा दाब घटला आणि किमान २२ रुग्ण दगावले. पुरवठा खंडित होण्याचा अर्थ तेव्हा दिसला.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. मात्र हे प्रमाणपत्र उपकरणांचे असते, माणसांच्या तयारीचे नव्हे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१६ च्या रुग्णालय सुरक्षा मार्गदर्शक सूचनांत आपत्ती आराखडा, प्रशिक्षण व सराव यांवर भर आहे. ‘एनएबीएच’ मानांकनातही मॉक ड्रिल अपेक्षित असते, पण हे मानांकन ऐच्छिक आहे.

मग सराव कमी का पडतो?

पूर्वसूचना देऊन, दिवसा, आवारात केलेली मॉक ड्रिल छायाचित्रापुरती ठरते. भंडारा, विरार व झाशीच्या आगी रात्री-पहाटे लागल्या. त्या वेळी मनुष्यबळ सर्वात कमी असते. व्हेंटिलेटरवरील एका रुग्णाला हलवायला तीन-चार जण लागतात. एक श्वास देतो, बाकीचे खाट आणि उपकरणे सांभाळतात. दहा खाटांच्या कक्षात रात्री मोजकेच कर्मचारी असतील तर बाजूच्या वॉर्डातून कोण धावणार, हे ठरायला हवे. शिवाय कंत्राटी कर्मचारी, सुरक्षारक्षक आणि प्रशिक्षणार्थी सतत बदलतात. कालच रुजू झालेल्याला मागचा दरवाजा कुठे उघडतो हेच ठाऊक नसते.

जबाबदारी कोणाची?

भंडारा आणि अहमदनगरच्या घटनांनंतर कारवाईचा बडगा डॉक्टर व परिचारिकांवरही उगारला गेला. हलगर्जी असेल तर कारवाई व्हावीच. पण ज्यांना कधी सराव दिला नाही, त्यांच्याकडून धुराने भरलेल्या अंधारात अचूक निर्णयाची अपेक्षा कशी करणार? प्रत्येक पाळीत एक आग-प्रमुख नेमणे, रुजू होताच झडप व मार्ग दाखवणे आणि वर्षातून एकदा तरी रात्रपाळीत पूर्वसूचनेशिवाय सराव घेणे, याला फार मोठा निधी लागत नाही. पुढच्या लेखापरीक्षणात अग्निशामक नळकांड्यांसोबत हेही तपासले, तरच ते रुग्णांच्या उपयोगाचे ठरेल.