'बघून घेतो' म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

वाळू, पाणी, जमीन, निवडणूक... कशावरही चार ओळी लिहिल्या की हल्ली एक मेसेज ठरलेला असतो. "बघून घेतो." आपल्या नामपूरलाही हे नवीन नाही.

धमकी देणाऱ्याला आपल्याकडून दोनपैकी एक गोष्ट हवी असते. एकतर आपण घाबरून गप्प बसावं, नाहीतर भडकून शिवीगाळ करावी. गप्प बसलो तर विषय मरतो. भडकलो तर मोसमची वाळू राहते बाजूला, चर्चा आपल्या शिवीची होते आणि वर गुन्हाही आपल्यावरच.

हे दोन्ही टाळणारा एक माणूस महाराष्ट्राने पाहिलाय. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईत बिल्डर घुसले. केळीच्या बागा जाऊ लागल्या, विहिरींचं पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागलं. फादर आणि गावकरी 'हरित वसई'च्या झेंड्याखाली रस्त्यावर उतरले. समोर गुंडगिरी होती, जिवाच्या धमक्या होत्या. पण मोर्चे थांबले नाहीत आणि फादरांनी शांततेचा मार्ग सोडला नाही.

पुढे ते ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष नको म्हणून पुन्हा धमक्या. साहित्य महामंडळाला फोन, उद्घाटक ना. धों. महानोरांनाही 'जाऊ नका'. १० जानेवारी २०२० ला उस्मानाबादला महानोर आले, आणि पाठदुखीने हैराण असलेले फादरही आले. त्याच आठवड्यात दिल्लीत जेएनयूच्या विद्यार्थ्यांवर हल्ला झाला होता. त्यावरही ते स्पष्ट बोलले. आवाज मात्र चढवला नाही. २५ जुलै २०२४ ला ते गेले.

मी ख्रिस्ती आहे. आमच्यासारख्या थोड्या संख्येच्या घरांत लहानपणापासून एकच सल्ला मिळतो, "वाद नको, शांत राहा." त्यातली काळजी मला कळते. पण गप्प बसणं आणि शांत राहणं यात फार फरक आहे. गेथशेमाने बागेत येशूला भीती वाटली नाही असं शुभवर्तमान सांगत नाही. तो व्याकुळ झाला, घामाघूम झाला, त्याने प्रार्थना केली. पण पकडायला आले तेव्हा पळाला नाही आणि पेत्राला तलवार म्यानात ठेवायला सांगितली. भीती वाटण्यात कमीपणा नाही. भीतीच्या हातात लगाम द्यायचा नाही, एवढंच. आणि त्यासाठी ख्रिस्तीच असलं पाहिजे असंही नाही.

आता व्यवहाराचं बोलू. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. लगेच उत्तर देऊ नका, एक रात्र जाऊ द्या. घरात आणि दोन-तीन भरवशाच्या माणसांना सांगा. लेखी तक्रार करा, पोच घ्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ नुसार धमकी हा गुन्हा आहे. देव पाठीशी आहे म्हणून कायदा सोडायचा नसतो.

पण सगळ्यात महत्त्वाचं काम ज्याला धमकी आलेली नाही त्याचं आहे. फादर खंबीर होतेच, पण महानोर कच खाऊन घरी बसले नाहीत, महामंडळाने निवड बदलली नाही, हेही तितकंच मोठं. एकटा माणूस किती दिवस शांत राहणार?

म्हणून विनंती. गावातल्या कुणाला 'बघून घेतो' आलं, तर त्याला इनबॉक्समध्ये गुपचूप "भाऊ, बरोबर लिहिलं" म्हणू नका. त्याच्या पोस्टखाली लिहा, स्वतःच्या नावाने. मग बघून घेणाऱ्याला कितीजणांना बघायचंय ते त्यालाच ठरवू द्या.