तह झाला, समेट राहिला

३० ऑक्टोबर २०१८ रोजी दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमधील पोलाद कारखान्यांत जबरदस्तीने राबविल्या गेलेल्या चार कोरियन कामगारांना प्रत्येकी १० कोटी वॉन नुकसानभरपाई द्यावी, असा आदेश निप्पॉन स्टील या बलाढ्य जपानी कंपनीला देण्यात आला. निकाल ऐकण्यासाठी त्या चौघांपैकी एकच जण हयात होता आणि त्यानेही नव्वदी ओलांडली होती. पुढल्याच वर्षी जपानने कोरियाच्या सेमीकंडक्टर उद्योगाला लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि कोरियन ग्राहकांनी जपानी मालावर बहिष्कार घातला. दोन्ही देश लोकशाहीवादी, दोन्ही संपन्न, दोन्ही अमेरिकेचे मित्र. उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांची आणि चीनच्या वाढत्या सामर्थ्याची चिंताही दोघांना सारखीच. तरीही १९४५ साली संपलेल्या एका राजवटीचे भिजत घोंगडे त्यांच्यात आजही पडून आहे. असे का व्हावे?

उत्तरासाठी १९१० पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी जपानने कोरिया आपल्या साम्राज्याला जोडला आणि पुढील ३५ वर्षे तेथे राज्य केले. परकीय सत्ता केवळ भूमी घेत नाही, ती स्वत्वावरही हात टाकते. शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली, शिंतो देवस्थानांपुढे माथा टेकण्याची सक्ती झाली आणि १९४० पासून तर कोरियन माणसाला आपले कुलनाम टाकून जपानी नाव घेण्यास भाग पाडण्यात आले. युद्ध पेटल्यावर लक्षावधी कोरियन तरुण जपानच्या खाणींत, गोदीत आणि कारखान्यांत नेले गेले. असंख्य मुलींना लष्कराच्या कुंटणखान्यांत ढकलण्यात आले आणि त्यांना ‘इआन्फु’, म्हणजे दिलासा देणाऱ्या स्त्रिया, असे गोंडस नाव देण्यात आले. अत्याचाराला सभ्य शब्दाचे पांघरूण घालण्याची कला साम्राज्यांना नेहमीच साधते.

युद्धानंतर हिशेबाची वेळ आली तेव्हा १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत कोरियाला स्थानच मिळाले नाही. दोन्ही देशांचा स्वतंत्र करार व्हायला २२ जून १९६५ उजाडले. जपानने ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर सवलतीचे कर्ज द्यावे आणि परस्परांवरील दाव्यांचा प्रश्न ‘पूर्णतः आणि अंतिमतः’ सुटला असे मानावे, असे ठरले. मात्र मूळ प्रश्नाला हेतुपुरस्सर बगल देण्यात आली. १९१० चा विलीनीकरणाचा करार मुळातच बेकायदा होता, की पुढे कालबाह्य झाला? मसुद्यात तो ‘आधीच रद्दबातल’ असल्याचे शब्द घालण्यात आले आणि दोन्ही बाजूंनी त्याचे आपापल्या सोयीचे अर्थ लावले. सत्तेवर असलेल्या पार्क चुंग-ही यांना देश उभारण्यासाठी पैसा हवा होता. कराराच्या विरोधात १९६४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांनी लष्करी कायदा पुकारून ते आंदोलन मोडून काढले.

त्या पैशातून पोहांगचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि सेऊल ते बुसान महामार्गालाही हातभार लागला. कोरियाच्या औद्योगिक भरभराटीचा पाया त्यात आहे, हे नाकारता येणार नाही. पण ज्यांच्या घामाच्या आणि रक्ताच्या नावावर तो पैसा मागितला गेला, त्यांच्या हाती काय पडले? कामगारांमध्ये वाटप आम्हीच करू, असे कोरियन सरकारने वाटाघाटींत सांगितले होते, हे २००५ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून जगाला कळले. प्रत्यक्षात १९७० च्या दशकात मृत कामगारांच्या सुमारे साडेआठ हजार कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख वॉन मिळाले. जिवंत परतलेल्यांना काहीच मिळाले नाही. पीडित स्त्रियांचा तर त्या करारात उल्लेखही नव्हता. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सून या वृद्धेने नाव आणि चेहरा न लपवता आपली कहाणी सांगितली, तेव्हा कोठे ते मौन फुटले.

जपानने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९३ मध्ये मुख्य मंत्रिमंडळ सचिव योहेई कोनो यांनी लष्कराचा सहभाग मान्य करून क्षमा मागितली. १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा यांनी साम्राज्यवादी राजवटीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. १९९८ मध्ये ओबुची आणि किम दे-जुंग यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. परंतु टोकियोतून क्षमेचे शब्द यावेत आणि पाठोपाठ एखाद्या मंत्र्याने ते पुसून टाकणारे विधान करावे, हेही वारंवार घडले. कायद्याच्या बाजूनेही जपानची भूमिका एकसंध नाही. करारामुळे व्यक्तीचा दावा नष्ट झालेला नाही, सरकारने केवळ त्याचा राजनैतिक पाठपुरावा सोडला आहे, असे १९९१ मध्ये जपानच्याच परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याने संसदेत सांगितले होते. मित्सुबिशी मटेरियल्सने २०१६ मध्ये चिनी कामगारांची क्षमा मागून भरपाई मान्य केली. कोरियन कामगारांच्या वाट्याला तसा समझोता आला नाही, कारण ते त्या काळी साम्राज्याचे ‘प्रजाजन’ होते. ज्या गुलामगिरीविरुद्ध तक्रार, तिचाच आधार घेऊन तक्रार फेटाळायची, असा हा न्याय आहे.

दोष कोरियाच्या पदरातही आहे. २०१५ मध्ये दोन्ही सरकारांनी पीडित स्त्रियांसाठी १०० कोटी येनचा समझोता केला. हयात स्त्रियांपैकी बहुसंख्य जणींनी ती रक्कम स्वीकारलीही, पण करारापूर्वी त्यांना विश्वासात घेतलेच नव्हते. सेऊलमध्ये सत्तांतर झाले आणि नव्या सरकारने त्यासाठी नेमलेली संस्थाच गुंडाळली. एका सरकारने स्वाक्षरी करावी आणि दुसऱ्याने ती झिडकारावी, यामुळे राष्ट्राच्या शब्दाची किंमत कमी होते. २०२३ मध्ये कामगारांची भरपाई कोरियन प्रतिष्ठानातूनच देण्याचा तोडगा निघाला. पोहांगच्या त्याच पोलाद कंपनीने त्यासाठी ४०० कोटी वॉन दिले. कित्येकांनी रक्कम घेतली, काहींनी प्रारंभी ती साफ नाकारली. अपराध्याचा एक छदामही त्यात नसेल तर ती भरपाई कसली, हा त्यांचा प्रश्न होता.

१९६५, २०१५ आणि २०२३ या तिन्ही वेळी राज्यकर्ते भेटले, आकडे ठरले, छायाचित्रे निघाली. ज्यांनी भोगले ते मात्र दाराबाहेरच राहिले. राष्ट्राला तह करण्याचा अधिकार आहे. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मात्र कोणत्याही सरकारला नाही.

आपल्यालाही हा विषय परका नाही. ९ जून १९५२ च्या शांतता करारात भारताने जपानकडील सर्व युद्धभरपाईवर उदारपणे पाणी सोडले. एका खचलेल्या आशियाई राष्ट्राला सन्मानाने उभे राहू देणारा तो निर्णय दूरदृष्टीचाच होता. पण जपानी अमलाखालील अंदमानात सेल्युलर जेलमध्ये छळ सोसून डॉ. दिवान सिंग यांनी प्राण सोडले आणि ३० जानेवारी १९४४ रोजी होमफ्रेगंज येथे ४४ भारतीयांना गोळ्या घालण्यात आल्या, हे आपल्या किती घरांतील मुलांना ठाऊक आहे? भरपाई सोडणे हे औदार्य आहे, विस्मरण हे औदार्य नव्हे. सूड न घेताही स्मरण ठेवता येते आणि मैत्री जपतानाही सत्य सांगता येते.

हे कसे साधते, याचे उदाहरण जपानच्याच भूमीवर आहे. यामागुची प्रांतात उबे गावाजवळ समुद्राखाली चोसेई नावाची कोळशाची खाण होती. ३ फेब्रुवारी १९४२ रोजी तिच्यात पाणी शिरले आणि १८३ कामगार बुडाले. त्यांतील १३६ जण कोरियातून आलेले होते. मृतदेह तेथेच राहिले. काही जपानी नागरिकांनी वर्षानुवर्षे मृतांच्या कुटुंबांचा शोध घेतला, वर्गणी जमवली, २०२४ मध्ये खाणीचे बुजलेले तोंड उघडले आणि पाणबुडे आत पाठवले. ऑगस्ट २०२५ मध्ये मानवी अस्थी हाती लागल्या.

त्या नागरिकांना कोणत्याही कराराच्या कलमाने बांधलेले नव्हते. आपल्या देशाच्या हातून जे घडले ते झाकल्याने देशाचा मान वाढत नाही, एवढे त्यांना उमगले होते. लष्करी अत्याचाराची साक्ष देणाऱ्या नोंदणीकृत २४० कोरियन स्त्रियांपैकी आता दहाहूनही कमी उरल्या आहेत. लवकरच न्याय मागणारे कोणी उरणार नाही, तेव्हा दोन्ही सरकारांना कदाचित हायसे वाटेल. पण त्या दिवशी वाद संपणार नाही, फक्त तो मिटवू शकणारी माणसे संपलेली असतील. तह कागदावर होतो. समेटासाठी त्या खाणीत उतरावे लागते.